शिंपल्यांची तोंडं

“तोंडं! दगडादगडावर तोंडं मांडून ठेवलीयत मेल्याने. शिंपल्यांचे डोळे, नाकाच्या जागी खेकड्याची नांगी. जाईन तिथे कुणीतरी दात विचकून बघतंय माझ्याकडे. या वयात आता दगडांनी हसायचं मला?”

आकू पुटपुटत होती ती टोपलीच्या इतकी जवळ बसून, की तिच्या मिशा टोपलीच्या विणीतून आत येत होत्या. आणि आत, त्या मिशांपासून नाक कसंबसं मागे घेऊन, तोंडात शेंगदाण्याची वडी धरून ओआ बसला होता. वडी गावाच्या वेशीवरल्या दगडी वाऱ्याच्या सिंहापुढची होती. गावाने सकाळीच नैवेद्य दाखवला होता. चावली तर आवाज होईल, म्हणून ती नुसती विरघळवत ठेवायची होती. आनंदाची गोष्ट इतक्या संयमाने करण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

टोपली आणि ओआ यांचं नातं जुनं. डोळे नुकते उघडले होते तेव्हा तो कालवंवाल्या बायकांच्या अशाच एका टोपलीत शिरून झोपला आणि कालवांबरोबर थेट गावातल्या एका मोरीत जाऊन पोचला. आबूने, म्हणजे त्याच्या आईने, त्याला धुण्याच्या पाण्यातून उचलून आणलं. तेव्हापासून त्याचं नाव ओआ पडलं, म्हणजे कालव. पाळण्यातलं नाव काय होतं ते आता आबूलाही आठवून सांगावं लागतं.

“लहान आहे हो वन्सं,” आबू म्हणाली. तिचा आवाज थोडा लांबून, पाण्याच्या बाजूने आला. ती सिंहाचा जुना शेला चुबकत असणार.

“लहान? तेरावं सरलं की माणसांच्या हिशेबाने. याच्या वयाचा किआन रात्रीबेरात्री एकटा कालवांच्या खांबांमधून फिरायचा. लानहीने तर या वयात बुडणारा पोस्टमन ओढून काढला होता, सायकलीसकट. आणि हा? तोंडं काढतो. आपल्या थोरल्यांनी ज्या दगडांवर खुणा ठेवल्या त्या दगडांवर!”

“मनाला लावून घेऊ नका.”

“मनाला नाही, पायाला लावून घेतलंय. काल त्या नांगीवर पाय पडला.” आकूने पाय झटकल्याचा आवाज आला. “हे बघ वहिनी, मी सरळ सांगते. आज ओळख पटली तर बांधा त्याला शेला, मी काही बोलणार नाही. नाही पटली तर मी त्याला माझ्या तळ्यावर घेऊन जाते. वर्षभर राहू दे. तिथे भरती नाही, धुकं नाही, कालवं नाहीत. बदकं आहेत. हसवू दे बदकांना.”

“पटेल की ओळख. किआन काय सख्ख्या धाकट्याला ओळखणार नाही?”

  आबूचं चुबकणं थांबलं.

“हो,” आकू जरा वेळाने म्हणाली. “ओळखेल की.”

टोपलीतल्या ओआला वाटलं, झालं, दिसलो. त्याने डोळे मिटून घेतले. पण मिशा बाहेर गेल्या, पावलं वाळूवरून दूर गेली आणि तो वडीसकट सुखरूप राहिला. मात्र वडी आता गोड लागेना.

तळं. वर्षभर.

तळ्याचं त्याला काही वाटत नव्हतं. बदकं हसतात की नाही हे बघण्याची तर थोडी उत्सुकताच होती. पण तो तळ्यावर गेला तर दगडांवर तोंडं कोण मांडणार? आणि तोंडं नसली तर किआनदादाचं काय?

हे दादाचं प्रकरण ओआने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. दादालाही नाही.

पाणमांजरांच्या घरात नाकाला काय मान असतो हे वेगळं सांगायला नको. माणसं पत्रं लिहितात, फोन करतात. पाणमांजरं दगडावर खूण ठेवतात. आता ती खूण म्हणजे शेवटी लेंडीच, पण घरात तसं म्हणायची पद्धत नाही, आकूसमोर तर नाहीच. एका खुणेत सगळं असतं: कोण गेलं, काय खाऊन गेलं, घाबरून गेलं की मजेत गेलं, पुढे पाणी कसं आहे. धुक्यात डोळे निकामी होतात, वाऱ्यात कान. कालवं वाढवायला समुद्रात उभ्या केलेल्या दगडी खांबांच्या रानात, भरती पाठीमागून चढत असताना, एखादी बाई टोपलीसकट अडकली तर तिच्यापर्यंत पोचवतं ते फक्त नाक. म्हणून कालवंवाल्यांच्या राखणीवर नाक असलेल्यानेच पुढे चालायचं, ही रीत. नाक गेलं की मागे. आपांचे, म्हणजे ओआच्या बाबांचे, वडील म्हातारपणी मागे आले, आणि मग ते फार जगले नाहीत, असं आबू सांगायची.

दादाचं नाक म्हातारपणाने गेलं नव्हतं. हिवाळ्यात डिझेलची पिंपं घेऊन येणारी एक होडी खडकावर आपटून उलटली. किआन त्या तेलकट पाण्यात पुन्हा पुन्हा बुडी मारत राहिला आणि आतल्या नावाड्याला मानेला धरून वर घेऊन आला. तो नावाडी आज बंदरावर शेवयांचं दुकान चालवतो आणि वाऱ्याच्या सिंहामुळे वाचलो म्हणून येईल त्याला सांगतो. किआन त्यानंतर आठवडाभर खोकत होता. मग म्हणाला, सर्दी झालीय.

ती सर्दी चालूच होती. आता शेतात ज्वारी तांबडी झाली होती.

ओआला ते कळलं ते खोडी काढताना. त्याने एक माकूल मासा, चांगला कुजून मऊ झालेला, राहत्या बोगद्यात दादाच्या अंथरुणाखाली सारला आणि कोपऱ्यात दडून आरडाओरड्याची वाट बघत बसला. दादा आला. लवंडला. कूस बदलली. माकलावर गाल ठेवून गाढ झोपला. ओआ हसायला तोंड उघडून बसला होता ते उघडंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ओआने माकूल स्वतःच काढून समुद्रात टाकला, आणि त्या दिवशी त्याने एकही खोडी काढली नाही. आबूने त्याचं पोट दाबून बघितलं.

मग त्याने तोंडं मांडायला सुरुवात केली. जिथे खूण, तिथे तोंड. हसरं तोंड म्हणजे पाणी ठीक. आ वासलेलं म्हणजे भरती लवकर येतेय. एक डोळा मिटलेला म्हणजे मिटलेल्या बाजूला वळ. जीभ बाहेर काढलेली म्हणजे काहीच नाही, नुसती जीभ. नाहीतर कुणाला संशय आला असता. पहिल्या दिवशी दादा त्या तोंडापुढे बराच वेळ उभा राहिला. मग मिटलेल्या डोळ्याच्या बाजूला वळला. सगळ्यांच्या देखत तो ओआवर खेकसला, “हा काय पोरखेळ मांडलायस दगडांवर?” आणि संध्याकाळी एक मोठा खेकडा, नांग्यांसकट, ओआच्या पायाशी टाकून न बोलता निघून गेला.

बस्स. इतकंच. पुढे दोघांनी या विषयावर चकार शब्द काढला नाही. मागच्या धुक्यात चुआन म्हातारी खांबांमध्ये अडकली तेव्हा ओआ पुढे पळत तोंडं मांडत होता, किआन ती बघत मागून येत होता, आणि लानही सगळ्यात मागे राहून शिट्ट्या मारत म्हातारीला किनाऱ्याकडे वळवत होती. म्हातारी सुखरूप घरी गेली. गावात म्हणाली, सिंह शिट्टी वाजवतो. म्हणून तर आजचा नैवेद्य.

“निघ बाहेर.”

टोपली उलटी झाली आणि ओआ वाळूवर पडला. वर लानही उभी होती.

“ताई! तुला कसं कळलं?”

“टोपली घोरत होती.”

“मी झोपलो नव्हतो! विचार करत होतो.”

“तेच म्हटलं, हा आवाज ओळखीचा नाही.” तिने त्याच्या मिशांवरचा शेंगदाणा काढून स्वतःच्या तोंडात टाकला. “काम आपण करायचं आणि नैवेद्य सिंहाला, हा अन्याय तू एकटाच दूर करतोस वाटतं? चल, तोंड धू. आज तुझी ओळख आहे. निदान आजचा दिवस तरी माणसात ये.”

“आपण पाणमांजरं आहोत.”

“म्हणून तर अवघड आहे.”

वाटेत किआन भेटला. अंगाला पाणी लावून, केस चापून बसवून आला होता. शत्रूच्या होड्या अडवायला कधीकाळी पुरलेल्या गंजक्या शिगांमधून तिघे चालू लागले. लानही नेहमीसारखी वाऱ्याच्या बाजूने चालत होती आणि नेहमीसारखीच बडबडत होती.

“शेवयावाल्याने आज तळणीत लसूण जाळला वाटतं. शी. आणि तळ्याकडून कुणीतरी ओलं गवत जाळतंय. खालच्या खडकावर मेलेला मासा आहे दादा, पाय नको देऊस.”

किआनने पाय बाजूला घेतला.

ओआ चालता चालता थबकला. ताईला बडबडायची सवय आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण पूर्वी ती कशाबद्दल बडबडायची? पोस्टमनबद्दल. स्वतःच्या शेपटाबद्दल. वास कधीपासून सांगायला लागली ही?

“काय रे, कालव? मागे का राहिलास?”

“काही नाही. पायात काटा.”

“तुझ्या डोक्यात असेल. बघ चाचपून.”

वाऱ्याचा सिंह गावाच्या उत्तरेच्या तोंडाशी, समुद्राकडे डोळे वटारून उभा होता. दगडी, बुटका, पोट सुटलेला. गावकऱ्यांनी सकाळी त्याच्या गळ्यात नवा लाल शेला बांधला होता. जुना शेला ते शेजारच्या झुडपावर टाकून देतात. पाणमांजरं तो उचलतात आणि त्याची पट्टी फाडून राखणीवरच्या नव्या गड्याला बांधतात. कधीपासून, ते कुणालाच सांगता येत नाही. किआनची पट्टी आता गुलाबी झालीय. लानहीची तिने स्वतःच कुरतडून नेटकी केलीय.

सिंहाच्या सावलीत चार चपटे दगड ओळीने ठेवले होते. त्यांवर आबू, आकू, लानही आणि ओआ यांच्या खुणा. रीत अशी, की घरच्यांनी खुणा करताना थोरल्याने समुद्राकडे बघत उभं राहायचं. मग वळायचं, चारही दगडांशी जाऊन वास घ्यायचा, नव्याच्या दगडावर पंजा ठेवायचा आणि म्हणायचं, हा आपला. पूर्वी हे काम आपांचं होतं. आपा समोरच्या किनाऱ्याकडे गेले आणि आले नाहीत, तेव्हापासून थोरला म्हणजे किआन.

ओआने सगळी तयारी करून ठेवली होती. त्याचा दगड डावीकडून दुसरा. खुणेशेजारी त्याने दोन इवलेसे शिंपले आणि वाकडी काडी ठेवली होती. हसरं तोंड. इतकं लहान, की शोधणाऱ्यालाच दिसावं. दादा शोधणारच होता.

“हे काय इथेही?” आकू म्हणाली.

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने शेपूट फिरवलं. शेपूट तिचं जाडजूड, तळ्यावरच्या निवांत खाण्याचं. चारही दगडांवरून ते एकदा असं झाडलं गेलं, की शिंपले, काडी, वाळू सगळं उडालं, खुणा तेवढ्या चिकटून राहिल्या.

“शुभकामाला कचरा नको,” ती म्हणाली. “किआन, वळ बाळा.”

किआन वळला.

ओआने गालात उरलेला वडीचा तुकडा घट्ट धरून ठेवला. चार दगड, चारही सारखे. चार खुणा, दिसायला सारख्याच. सकाळी सगळ्यांनी एकाच जाळ्यातली कोळंबी खाल्ली होती. दादाने चुकीच्या दगडावर पंजा ठेवला की संपलं. उद्या बदकं. आणि मग पहिलं धुकं पडेल तेव्हा दादा नेहमीसारखा छाती काढून पुढे निघेल, आणि दगडांवर काहीही नसेल.

किआन पहिल्या दगडाशी गेला. वाकला. नाकपुड्या फुलवल्या, अगदी रीतसर. एरवी त्याला नाटक जमत नसे, हे मात्र बरं जमलं होतं. तो दुसऱ्या दगडाशी आला.

ओआ शिंकला. जोरात. दोनदा.

“शिस्त!” आकू म्हणाली.

किआन क्षणभर थांबला, आणि तिसऱ्याकडे गेला. त्याला वाटलं असेल, कालव आहे, शिंकायचंच. ओआला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. जन्मभर उगाच शिंकलं की कामाची शिंक कुणाला कळत नाही. मग त्याने जे त्याला सगळ्यात चांगलं येतं ते केलं: पाय घसरवून पडला, गडगडला आणि दुसऱ्या दगडासमोर पाठीवर येऊन चारी पाय वर करून थांबला.

“अगं आई गं,” तो म्हणाला.

“ऊठ! काय हे ध्यान!”

“पाय अडकलाय आकू. इथे. या दगडापाशी.”

आणि उलटा पडल्या पडल्या त्याला ते दिसलं. उलटं दिसल्यामुळेच कदाचित नीट दिसलं.

आबूला खोकला आला होता. खोकायला ती बाजूला सरकली होती, आणि सरकून अगदी दुसऱ्या दगडाच्या मागे उभी राहिली होती. तिच्या हातात लाल पट्टी होती. ती पट्टी, वारा पलीकडून असताना, कशी कोण जाणे त्या दगडावर लोंबत होती.

“केवढी मोठी माशी बसलीय बघ त्या दगडावर,” लानही म्हणाली. “हा नाही दादा. त्याच्या अलीकडचा. निळी माशी.”

माशीबिशी काही नव्हती.

ओआने मान आणखी वळवली आणि आकूकडे बघितलं. आकू. घरातल्या सगळ्या रीतींची राखणदार. ती अगदी ताठ, समुद्राकडे तोंड करून उभी होती. आपण शेपूट कशावरून फिरवलं हे तिला आत्ता उमगलं असावं, कारण तिच्या मिशा थरथरत होत्या. आणि तिचं तेच जाडजूड शेपूट, तिचा काही संबंध नसल्यासारखं, वाळूवरून हळूहळू सरकत दुसऱ्या दगडाकडे चाललं होतं. पोचलं. टोकाने दगडावर हलकेच टकटक केलं.

म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आबू जेवताना म्हणायची, “कोळंबी आहे हं किआन, ताजी आहे.” ताई वाऱ्याच्या बाजूने चालायची. आकू प्रत्येक सणाला विचारायची, सर्दी कशी आहे बाळा, आणि उत्तर ऐकायला थांबायची नाही. आणि ओआला वाटत होतं, जगातलं हे एवढं मोठं गुपित आपण एकटे आपल्या पाठीवर घेऊन हिंडतोय. त्याला थोडा रागच आला. मग एकदम इतकं हलकं वाटलं, की तो पाय खाली घ्यायचं विसरला.

किआन तिसऱ्या दगडाशी वाकलेला होता. त्याने मान वर केली. आईच्या हातातल्या पट्टीकडे बघितलं. ताईच्या न बसलेल्या माशीकडे बघितलं. टकटक करणाऱ्या शेपटाकडे बघितलं. शेवटी, पाठीवर पडून चारी पाय आकाशाकडे केलेल्या धाकट्याकडे.

सगळे इतके साळसूद चेहरे करून उभे होते, की सिंहसुद्धा त्यांच्यापुढे बोलघेवडा वाटला असता.

आता त्याने नुसतं दोन पावलं मागे यायचं होतं. पंजा ठेवायचा, हा आपला म्हणायचं. सगळे सुटले असते. आकूने नाक वर करून “पटली बाई ओळख” म्हटलं असतं आणि सगळे माशांवर तुटून पडले असते. सर्दी आणखी एक हिवाळा चालली असती.

किआन दोन पावलं मागे आला. पण दगडापाशी थांबला नाही. तो आबूपाशी गेला आणि तिच्या हातातून लाल पट्टी घेतली. मग खाली बसून ओआला मानगुटीला धरून सरळ केलं, त्याच्या अंगावरची वाळू झाडली, त्याच्या गळ्याभोवती पट्टी घातली आणि गाठ मारायला लागला. गाठ त्याला कधीच नीट बांधता येत नसे. आजही वाकडीच आली. 

“खूप घट्ट नको दादा,” ओआ हळूच म्हणाला. “मला अजून वडी गिळायचीय.”

“गप बस, कालव.”

“अरे पण असं कसं?” आकू वळली. घाबरलेल्या माणसाचा आवाज चढतो तसा तिचा चढला होता. “आधी दगड, मग शेला. पंजा ठेव ना कुठेतरी. तिकडे ठेव! ओळखल्याशिवाय कसा बांधतोस? वास तरी घेतलास का नीट?”

किआनने गाठीचं टोक आत खोचलं. ओआच्या डोक्यावर हात ठेवूनच तो उठला.

“नाही घेतला, आकू,” तो म्हणाला. “मला वास येत नाही.”